शेवटचा धागा आधी

सोलापूरच्या पूर्व भागात ज्या दोन खोल्यांत मी वाढले, त्यांतल्या आतल्या खोलीची एक भिंत दिवसभर थरथरत असे. भिंतीला टेकून बसलं की पाठीला ते कळायचं. पलीकडे राजक्काचा माग होता. खटाक्-खट, खटाक्-खट, मग सुताची कांडी बदलायला जरासा थांबा, मग पुन्हा खटाक्-खट. फडताळातल्या पितळी वाट्या त्या तालावर बारीक किणकिणत. नवे पाहुणे त्या आवाजानं दचकत, आम्ही मात्र तो थांबला की दचकायचो. माग जरा जास्त वेळ गप्प राहिला की आई भाकरी थापता थापता मान वर करून विचारायची, "काय झालं गं राजक्काला?" आणि मी पलीकडे जाऊन बघून यायचे.

मिहिका, अथर्व, तुमच्या तिकडच्या घरात भिंती इतक्या शांत आहेत की मला पहिले चार दिवस झोपच लागली नव्हती, हे तुम्हाला आठवत असेल. तेव्हा तुम्ही विचारलंत, आजी, तुला आवाज लागतो का झोपायला? त्याचं उत्तर मी आता क्रमानं देते आहे. तुमची आई वाचून दाखवील. शब्द अडला तर तिला विचारा, तिला अडला तर मला फोन करा.

माझे वडील होटगी स्टेशनात कारकून होते. सकाळच्या पॅसेंजरनं जात आणि दिवेलागणीला परत येत. आई अक्कलकोटकडची, तिच्या माहेरी सगळं कानडीत चाले. वडिलांशी ती मराठीत बोले, माझ्याशी दोन्ही मिसळून आणि देवाशी फक्त कानडीत. जेवायला हाक मारताना ती कधीच 'जेवायला ये' म्हणाली नाही, "बा, ऊटा माडु" हीच तिची हाक. ताटात ज्वारीची भाकरी, वर उखळात कुटलेली शेंगाची चटणी आणि तिच्या मध्यभागी बोटानं केलेल्या खळग्यात दही. उरलेल्या भाकऱ्या आई चुलीच्या धगीला उभ्या करून पापडासारख्या कडक करायची आणि फडक्यात बांधून ठेवायची. दुपारी मी कडक भाकरी दुधात मोडून खाई. ती मोडतानाचा आवाज, उखळातला मुसळाचा आवाज आणि भिंतीपलीकडचा माग, हे तिन्ही एका वेळी चालू असले की मला वाटे, घर नीट चाललं आहे. मला सगळं नीट लागायचं. माझ्या वह्यांना तपकिरी कागदाची कव्हरं असत, समास पट्टीनं आखलेले असत आणि खोडलेलं एक अक्षर दिसलं तर मी पान फाडून पुन्हा लिहीत असे. तुमची आई म्हणते, मी अजून तशीच आहे. असेन.

अशा मुलीला आठवीत बीजगणित भेटलं आणि तिची सगळी व्यवस्था मोडली. आमची शाळा मुलींची. गणिताला बिराजदार सर होते. उंच, सावळे, डोक्यावर टोपी, खिशाला दोन पेनं, बोलणं हळू. ते फळ्यावर इंग्रजी एक्स काढत आणि तोंडानं 'क्ष' म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी लिहिलं, तीन क्ष अधिक पाच बरोबर वीस, आणि म्हणाले, "पोरींनो, या क्षच्या आत एक आकडा लपला आहे. तो कोणता, ते शोधायचं." मला ते फार आवडलं. आवडलं, पण जमेना. बाजू बदलली की चिन्ह बदलतं, हा नियम मी सुंदर अक्षरात लिहून पाठ केला होता. गुणाकार तिकडे गेला की भागाकार होतो, हेही पाठ होतं. फक्त आधी काय न्यायचं, हे कुठं लिहिलेलं नव्हतं, आणि मी डावीकडून उजवीकडे वाचणारी शिस्तीची मुलगी. समोर पहिल्यांदा तीन दिसले म्हणून तीननं आधी भागायचे. वीस भागिले तीन, त्यातून पाच वजा. उत्तर, एक पूर्णांक दोन तृतीयांश. खाली पट्टीनं दोन रेघा.

सर माझी वही वर धरून आडनावानं हाक मारत म्हणत, "कोरे, अक्षर असं की जपून ठेवावं. आता या एक पूर्णांक दोन तृतीयांशाला तीननं गुण बघू. पाच. त्यात पाच मिळव. किती?"

"दहा, सर."

"आणि हवे होते वीस. निम्मे वाटेत कुठं सांडलेस?"

वर्ग हसायचा. मीही हसल्यासारखं करायचे. पण घरी येऊन पुन्हा तसंच करायचे, कारण दुसरं काय करायचं तेच कळत नव्हतं.

त्या वेळी आमच्या शाळेत नववीपासून दोन वाटा फुटत. एका तुकडीला बीजगणित-भूमिती आणि त्याबरोबर विज्ञानाची प्रयोगशाळा. दुसरीला सामान्य गणित आणि गृहशास्त्र, म्हणजे टाके, लोणची आणि बाळाला अंघोळ कशी घालायची. दोन्ही चांगलंच. पण मला हवी होती ती प्रयोगशाळा. ती तळमजल्यावर होती आणि तिच्या खिडक्यांच्या काचांना निळा रंग फासलेला होता. एका काचेचा कोपरा फुटला होता. पाणी प्यायच्या सुट्टीत मी त्या कोपऱ्याला डोळा लावत असे. आत स्पिरिटच्या दिव्याची जवळजवळ न दिसणारी ज्योत, काचेच्या उभ्या नळ्या आणि एका बशीत मोरचूदाचा निळा खडा. नुसता ठेवलेला. इतकं निळं काही मी तोवर पाहिलं नव्हतं. त्या खड्याजवळ जायचं तर क्ष सापडायला हवा होता.

सहामाहीत मला बीजगणितात शंभरांत एकोणीस पडले. माझ्यासारख्या अकरा मुली होत्या. सरांनी आम्हाला खोलीच्या एका बाजूला बसवलं आणि म्हणाले, "दिवाळीची सुट्टी आहे. पुस्तकातली सगळी समीकरणं सोडवा. शाळा उघडली की दहा घालीन. आठ सुटली तर नाव बीजगणिताच्या यादीत. नाही सुटली तर रडायचं नाही. लोणचं घालणंही सोपं नसतं."

दिवाळीला कुंभारीहून आत्या आली, तीन मुलं घेऊन. दोन खोल्यांत सात माणसं. मी कोपऱ्यात वही घेऊन बसले की आत्या म्हणायची, "दिवाळीत बी लिवतीय व्हय गं पोरगी? वैनी, हिला एवढं शिकवून काय करायचं हाय? पोरगी वाळून चाललीया की." वडील वर्तमानपत्रामागून म्हणत, "राहू दे गं, तिचं तिला कळतंय." मला तर काहीच कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी आत्याच्या धाकट्यानं माझ्या आखलेल्या समासावर चकलीचं तेल सांडलं. मी वही उचलली आणि पलीकडे राजक्काच्या ओसरीवर जाऊन बसले.

राजक्का तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातली. तिचा नवरा सूतगिरणीत पाळीवर जाई आणि ती घरी लुगडी विणे. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. माग जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला होता. ती खड्ड्याच्या काठावर बसे, पाय खाली सोडून. पायाखाली दोन लाकडी पट्ट्या. डावी दाबली की निम्मे उभे धागे वर, उजवी दाबली की उरलेले निम्मे. त्या फटीतून आडवा धागा घेऊन धोटा सटकन पलीकडे जाई, लगेच फणीचा ठोका. वरून पाहणाऱ्याला तिचे हात दिसत आणि त्या हातांचं सगळे कौतुक करत. मी ओसरीवर खाली बसलेली, म्हणून मला तिचे पाय दिसायचे. काळे, भेगाळलेले, दोन्ही पायांत चांदीची जोडवी. डावा, उजवा, डावा, उजवा. तोंडानं ती तेलुगूत मोजत असायची, "ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु," आणि चारावर धोटा बदलायची, कारण त्या दिवसांत ती पदर विणत होती. लाल रुंद पट्टा, मग चार धाग्यांचा पांढरा पट्टा, मग पुन्हा लाल.

"काय करायलीस बिड्डा एवढं?" तिनं विचारलं. बिड्डा म्हणजे लेकरू.

"लपलेला आकडा शोधते."

"सापडला का?"

"नाही."

"सापडंल की. कुटं जातोय," ती म्हणाली आणि धोटा फेकला.

दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी गल्लीत आरोळी झाली, नळ आला म्हणून. राजक्का घागर घेऊन पळाली. जाताना म्हणाली, "मांजर बघ गं, सुतावर येऊन बसतंय." मी मांजर बघत होते. मांजर आलं नाही. मग मी पदर बघू लागले आणि मला ते दिसलं. शेवटच्या पांढऱ्या पट्ट्यात चार नव्हे, पाच धागे होते. पुन्हा मोजले. पाच. त्याच्यानंतर लाल धागे घातलेसुद्धा होते. राजक्काकडून चूक झाली होती. कदाचित माझ्याशी बोलताना. मला वाटलं, ती येईपर्यंत आपण दुरुस्त करून ठेवू. किती आनंद होईल तिला! जिला खोडलेलं अक्षर बघवत नसे त्या मुलीनं केसांतला आकडा काढला, पाचवा पांढरा धागा त्याच्या टोकानं उचलला आणि ओढला.

धागा जरासा आला. मग अडला. मी आणखी ओढला. आणि माझ्या डोळ्यांदेखत तो सपाट, ताठ, सुंदर पदर एका बाजूनं गोळा झाला. कपाळाला आठी पडावी तसा. आठी काठापर्यंत गेली आणि एक लाल धागा तट्कन तुटला.

राजक्का दारात उभी होती. तिनं घागर खाली ठेवली. ओरडली नाही. "अय्यो," एवढंच म्हणाली, अगदी हळू, आणि खड्ड्यात पाय सोडून बसली. मला रडू आलं. आईला हाक मारून सगळं सांगावं आणि मार खावा असं वाटत होतं.

"कुटला ओढलास?" तिनं विचारलं.

"तो पांढरा. पाचवा. तो चुकीचा होता."

"चुकीचा होता गं. पण त्याच्यावर नऊ लाल धागे बसलेत. तो मधनं कसा निघंल?" तिनं डोळे पुसायला मला पदर दिला, स्वतःच्या अंगावरचा. "रडू नको. बघ आता."

आधी तिनं सुईनं तो ओढलेला धागा कणाकणानं मागे सारला. आठी सैल झाली. मग ती थांबली, शेवटचा धागा कोणत्या पायानं घातला होता ते आठवलं आणि उजवी पट्टी दाबली. फट उघडली. त्या फटीत शेवटचा लाल धागा मोकळा पडलेला होता, एखाद्या झोपलेल्या माणसासारखा. तिनं तो अलगद बाहेर घेतला. काही ओढलं नाही, काही अडलं नाही. मग डावी पट्टी, त्याच्या आधीचा लाल धागा. मग उजवी, त्याच्याही आधीचा. "शेवटचा धागा आधी," ती म्हणाली, "मग त्याच्या आदला. मग त्याच्या आदला. जाताना गेलो तसंच उलटं माघारी यायचं. मधे उडी न्हाई मारायची." तुटलेला लाल धागाही त्यातच आला. एकेक करून नऊ धागे निघाले आणि मग, न मागता, न ओढता, तो पाचवा पांढरा धागा वर आला. जणू वाट पाहत बसला होता. तो काढला. खाली चार राहिले. पदर पुन्हा सपाट.

मी त्या नऊ धाग्यांकडे बघत राहिले आणि माझ्या अंगावर काटा आला. हे सांगताना आजही येतो. मी वही उघडली. तीन क्ष अधिक पाच बरोबर वीस. क्ष घेतला, आधी त्याला तीननं गुणलं, मग पाच मिळवले. म्हणजे शेवटी घातले ते पाच! पाच वर बसले आहेत आणि मी खालचे तीन ओढते आहे. आठी पडणार नाही तर काय? पाच आधी काढले. उरले पंधरा. आता तीन. उरले पाच. पाच! पाच तिप्पट पंधरा, पंधरा आणि पाच वीस. क्ष समोर येऊन बसला होता. मी काहीच ओढलं नव्हतं.

पुढं मी गणित इंग्रजीतून शिकले, पदवी घेतली, तेवीस वर्षं शिकवलं. या गोष्टीला पुस्तकात भारदस्त इंग्रजी नाव आहे आणि मी ते फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं असेल. पण प्रत्येक वेळी मला खड्ड्यातली ती उजवी पट्टी आठवली आहे.

दुसऱ्या दिवशी मी एक गंमत केली. म्हटलं, "राजक्का, मी मनात एक आकडा धरला. त्याची चौपट केली. मग सात मिळवले. एकतीस झाले. कुठला आकडा?"

ती विणत होती. विणायची थांबली. धोटा हातात तसाच. वर आढ्याकडे बघितलं. आणि खाली खड्ड्यात तिचे पाय हलले. धागा नाही, धोटा नाही, नुसते पाय. उजवी पट्टी दबली. क्षणभर थांबली. डावी पट्टी दबली.

"आरु," ती म्हणाली. "सहा."

मी दुसरं घातलं. दुप्पट केली, नऊ काढले, पुन्हा तिप्पट केली, तेहतीस झाले. उजवा, डावा, उजवा. "दहा." एका आकड्यालाही कागद नाही, पेन्सिल नाही. मला वाटलं, माझ्यासमोर कुणीतरी हवेतला दरवाजा उघडून पलीकडे जाऊन येतं आहे.

"राजक्का, तू पाय कशाला हलवतेस?"

"मी कुटं पाय हलवले?" ती म्हणाली. तिला ठाऊकच नव्हतं.

मग आमचा खेळच सुरू झाला. मी वहीतलं एकेक समीकरण सोडवायचे, मग तेच तोंडी तिला घालायचे आणि आमची उत्तरं जुळतात का ते बघायचे. जुळली नाहीत तर चूक माझीच असायची. आत्या एकदा दारात येऊन कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हितं अभ्यास चाललाय का विणकाम?" राजक्का म्हणाली, "दोनी एकच हाय की ओ बाई." आत्याला वाटलं थट्टा केली.

सुट्टीचे पाच दिवस उरले तेव्हा मी पुस्तकातल्या शेवटच्या पानावर पोचले आणि तिथं आमचं गाडं अडलं. सात क्ष वजा चार बरोबर तीन क्ष अधिक वीस. क्ष दोन्हीकडे! मी राजक्काला सांगितलं, "आकडा एकच. एकीकडे त्याची सातपट करून चार काढले. दुसरीकडे त्याचीच तिप्पट करून वीस मिळवले. दोन्हीकडे सारखंच आलं." राजक्काचा उजवा पाय उचलला गेला आणि तसाच अधांतरी राहिला. "हे कुणी विणलंय?" ती म्हणाली. "दोन बाजूनं दोघं बसलेत का मागावर? शेवटचा धागा कुटला मग?" तिनं पाय खाली ठेवला. "न्हाई गं. हे मला येत न्हाई." मला येत नव्हतंच. मी जेवलेही नाही नीट.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत गप्प होती. चहा झाला, वडील गाडीला गेले, तरी गप्प. आई म्हणाली, "काय झालं गं राजक्काला?" मी बघायला गेले. राजक्का मागावर नव्हतीच. ती जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि तिच्यासमोर सुतानं भरलेल्या कांड्या मांडलेल्या होत्या. एका बाजूला सात, दुसऱ्या बाजूला तीन.

"बस," ती म्हणाली. "ह्या कांडीत किती हात सूत हाय?"

"मला काय माहीत?"

"मलाबी म्हाईत न्हाई. पण सगळ्या सारख्या भरल्यात, एवढं म्हाईत हाय. आता हिकडं सात कांड्या, पण त्यातनं चार हात सूत कमी. तिकडं तीन कांड्या आणि वर वीस हात जास्त. दोनीकडचं सूत सारखं. तूच सांगितलंस. बरोबर?"

"बरोबर."

तिनं एका हातानं इकडच्या तीन कांड्या उचलल्या, दुसऱ्या हातानं तिकडच्या तीन. एकाच वेळी. दोन्ही हात मागे नेले. "आता? अजून सारखंच न्हवं का?"

तिकडे आता एकही कांडी नव्हती, नुसतं वीस हात सूत. इकडे चार कांड्या, चार हातांनी कमी. कमी असलेले चार हात दोन्हीकडे घातले तर तिकडे चोवीस, इकडे चार कांड्या पुऱ्या. चार कांड्यांत चोवीस.

"सहा," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

मी ती एक कांडी हातात घेतली. लाल सुताची, बोटभर. वरून बघून आत किती आहे ते कुणालाही सांगता आलं नसतं. सर दोन महिने जे फळ्यावर काढत होते आणि जे मला नुसती एक फुली वाटत होतं, ते माझ्या तळहातावर होतं. त्याला वजन होतं.

शाळा उघडली. सरांनी दहा समीकरणं घातली आणि मी दहाही सोडवली. दुसऱ्या दिवशी सरांनी मला टेबलाजवळ बोलावलं. माझा कागद समोर होता. समास आखलेले, अक्षर सुंदर आणि उत्तरांच्या शेजारी ओळीनं काढलेल्या छोट्या छोट्या कांड्या, काही खोडलेल्या.

"उत्तरं दहाही बरोबर," सर म्हणाले. "पण रीत कुठं आहे? हे काय काढलंस? काड्यापेट्या?"

"कांड्या आहेत, सर. मागाच्या."

मी सगळं सांगितलं. नऊ लाल धागे, उजवी पट्टी, मनात हिशेब करताना हलणारे राजक्काचे पाय, सात आणि तीन कांड्या. सर ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे त्या बाई क्ष दोन्ही बाजूंना असलेलं समीकरण सोडवतात. अंगठा लावणाऱ्या बाई."

"होय, सर."

"कोरे, मी अठरा वर्षं शिकवतोय. माझ्या दहावीच्या मुलींना ते सुटत नाही." त्यांनी यादी पुढं ओढली आणि माझं नाव लिहिलं, पण पेन्सिलीनं. "रविवारी मी येतो. माझ्या डोळ्यांनी बघतो. खरं असेल तर शाईनं गिरवीन. गोष्ट रचून सांगितली असशील तर खोडीन. उत्तरं कुठूनही येतात, खरेपण एकाच ठिकाणाहून येतं."

रविवारी सर सायकलवरून आले. आईनं घाईनं पोलक्याची बटणं नीट केली आणि चहा टाकला. मी सरांना पलीकडे नेलं. राजक्का मागावर होती. परका मोठा माणूस दारात बघून तिनं डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला आणि हात आवरून बसली. खड्ड्यातून चटकन उठताही येत नाही.

"बाई, नमस्कार," सर म्हणाले. "ही म्हणते, तुम्ही समीकरणं सोडवता."

"न्हाई ओ सर," राजक्का खाली बघून म्हणाली. "मला काय येतंय? अडाणी बाई मी."

मी म्हटलं, "राजक्का, सांग ना. कांड्या दाखव ना." ती मान हलवत राहिली.

सर उंबऱ्यावर खाली बसले. मग अगदी हळू, वर्गात बोलत तसं, म्हणाले, "मी एक आकडा धरला. त्याची पाचपट केली. त्यातून सात काढले. जे उरलं त्याची दुप्पट केली. शेहेचाळीस झाले. आकडा कोणता?"

माग बंद होता. गल्लीही का कोण जाणे गप्प झाली होती. राजक्कानं पदर आणखी पुढं ओढला. तिचा चेहरा दिसत नव्हता. मी सवयीनं खाली बघितलं. खड्ड्याच्या अंधारात उजवी पट्टी दबली. थांबली. डावी दबली. पुन्हा उजवी. मग दोन्ही पाय शांत झाले.

"न्हाई येत ओ सर," ती म्हणाली.

"बरं, राहू दे," सर म्हणाले. आमच्याकडे येऊन उभ्यानंच चहा घेतला, आईला नमस्कार केला, सायकल हातात धरून चालू लागले. माझ्याकडे बघितलंही नाही. मी परत राजक्काच्या दारात गेले. मला तिचा फार राग आला होता.

"गेले का?" ती म्हणाली.

"गेले."

"सहा."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?" मी ओरडले. "माझं नाव खोडतील ते!"

तिनं पदर मागे सारला. तिचे डोळे भरले होते. "एवढ्या मोठ्या माणसापुढं कसं सांगू गं, बिड्डा? चुकलं असतं तर? माझ्या चुकीनं तुझं नाव गेलं असतं की." आणि मग एकदम, "पळ! सांग त्यांना. पळ!"

मी अनवाणी पळाले. सर गल्लीच्या टोकाला लिंबाच्या झाडाशी उभे होते. सायकल स्टँडवर लावलेली, सीटवर यादीचा कागद पसरलेला, हातात पेन. मी धापा टाकत म्हटलं, "सर, सहा! राजक्कानं सांगितलंय, सहा!"

"माहीत आहे," सर म्हणाले. "पाय थांबले तेव्हाच कळलं."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून सायकलच्या हँडलला अडकवली, पेन्सिलीच्या अक्षरांवरून सावकाश, एक रेघही बाहेर न जाऊ देता, माझं नाव गिरवलं आणि शाई वाळेपर्यंत तो कागद दोन्ही हातांनी उन्हात धरून उभे राहिले. मागे गल्लीत माग पुन्हा सुरू झाला होता. सर तो ऐकत होते.